अम्मी आणि पुढचे दोन शॉकअप

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चार डझन फुटल्या! एका खड्ड्यात!

झुंबरबाईंच्या दिपालीच्या चुड्याच्या होत्या. हिरव्या बांगड्या, काचेच्या, बारीक सोनेरी नक्षीच्या. अम्मीनं नगरच्या बाजारात अर्धा दिवस घालवून निवडल्या होत्या. परत येताना घोडेगावच्या पुढं व्हॅनचं तोंड असं आपटलं की माझे दात वाजले, आणि मागून खळ्ळकन् आवाज. अम्मीनं गाडी कडेला घेतली. पेटी उघडली. काचा बोटानं बाजूला सारत शाबूत किती ते बघत बसली. तिच्या बोटातून रक्त येत होतं ते मी बघितलं, तिनं नाही.

अम्मी बाजारोबाजार बांगड्या विकते, आणि गेला महिनाभर हे चाललंय. प्रत्येक बाजारात दोन-चार जोड्या फुटतात. पण आजच्या वेगळ्या. झुंबरबाई मूळच्या सोनईच्या, आमच्याच गल्लीतल्या. त्यांच्या लग्नाचा चुडा नानीनं भरला होता. आता लेकीचा अम्मीनंच भरायचा असा त्यांचा हट्ट. म्हणून थेट हिवरे बाजारला बोलावलंय, २२ तारखेला. लेकीसकट घरातल्या सगळ्या बायकांच्या बांगड्या. हिवरे म्हणजे नगरच्याही पलीकडं. एवढा रस्ता ह्या व्हॅननं?

अम्मी एवढंच म्हणाली, "दुसऱ्या आणू. पण ह्या गाडीतून नाही."


मंगळवार, ११ नोव्हेंबर

गोरक्षनाथभाऊंचं गॅरेज बंद. मोटारसायकलवरून पडले, उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. आमच्या व्हॅनला त्यांच्याशिवाय कधी कुणी हात लावलेला नाही. तरी घरातून उठून आले बिचारे. पुढच्या बंपरवर डावा हात टेकला, दाबलं, सोडलं. व्हॅन वर-खाली, वर-खाली... चार वेळा झुलली.

"चांगली गाडी एकदा वर येती आन् थांबती, भाभी. तुमचे पुढचे दोनी शॉकअप गेले. स्प्रिंग नाचतीय आन् तिला शांत करनारं कुनी राह्यलंच न्हाई."

चाकामागं वाकून बघितलं तर शॉकअपच्या नळीवर तेल उतरून काळा चिखल झालेला.

मग आम्ही हळूहळू नगरला. गॅरेजवाल्यानं अम्मीकडं बघितलंच नाही. ती बोलत होती आणि तो माझ्याकडं बघत होता. "गाडी आठ-दहा दिवस ठेवावी लागेल, लगीनसराई आहे. आणि घरात कुणी पुरुष माणूस असेल तर त्यांना पाठवा, म्हणजे समजावून सांगता येईल."

मला इतका राग आला! अम्मीला नाही आला. तिनं विचारलं, "शॉकअप कुठल्या दुकानात मिळतात?" त्यानं हसून सांगितलं. ती तिथनं उठली आणि थेट त्या दुकानात गेली.

येताना मी म्हटलं, "अगं पण बसवणार कोण? भाऊंचा हात मोडलाय."

"हात मोडलाय," अम्मी म्हणाली. "तोंड नाही."


बुधवार, १२ नोव्हेंबर

नवे शॉकअप कॉटखाली. अब्बूंना फोनवर काही बोलायचं नाही — हुकूम.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज सुरुवात केली. खरंच केली!

अम्मीनं सलवार-कमीजवर अब्बूंचा कंपनीतला जुना शर्ट घातला. दुपट्टा मागं बांधला. गोरक्षनाथभाऊंसाठी लिंबाखाली खुर्ची. त्यांच्या गॅरेजमधले पाने, जॅक, सगळं कालच आणून ठेवलेलं. भाऊ आधी फार अवघडले होते. पंचवीस वर्षं माणूस दुसऱ्याच्या गाड्या उघडतोय, आणि आता खुर्चीत बसून बाईमाणसाला सांगायचं. शब्दच सापडेनात. "त्यो... त्यो तिकडचा... न्हाई, त्याच्या खालचा..." अम्मी शांतपणे एकेका नटावर बोट ठेवायची. "हा? हा?" आणि ते "व्हय!" म्हणेपर्यंत हात लावायची नाही.

पहिला धडा जॅकचा. मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. मग उचलायची. उचलली की खाली बाभळीचे ओंडके सारायचे आणि गाडी त्यांच्यावर टेकवायची.

"जॅकवर कधी भरवसा ठेवायचा न्हाई, भाभी. म्हना बरं."

"जॅकवर भरवसा ठेवायचा नाही."

"अफ्रीन, तू बी म्हन."

मी पण म्हटलं. शाळेत असल्यासारखं!

चाक काढलं. आत काय काय असतं! मी एवढी वर्षं ह्या गाडीत बसतेय आणि कधी बघितलं नव्हतं. जाडजूड स्प्रिंग, तिच्या पोटातून गेलेला शॉकअप. खाली दोन मोठे बोल्ट, वर नट. ब्रेकचा पाईप त्यालाच अडकवलेला. अम्मीनं तो सोडवला आणि लोंबकळू नये म्हणून जुन्या दुपट्ट्याच्या चिंधीनं वर बांधला. हे भाऊंनी सांगायच्या आधीच!

मग म्हणाली, थांबा. आत गेली आणि विक्रीच्या पेटीतली लाल नेलपॉलिश घेऊन आली. बोल्ट आणि त्याच्या शेजारचं लोखंड, दोन्हींवरून एक बारीक रेघ ओढली.

"काढताना कसं होतं ते बसवताना कळायला नको?"

भाऊ खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "आमी खडूनं करतो. पुसून जातो."

वरचा बोल्ट सुटला. खालचा — गंजलेला, हलायला तयार नाही. डिझेल सोडलं, हातोडीनं टकटक केलं, परत डिझेल. दुपार गेली. मला वाटलं आता ही म्हणेल की राहू दे. तिनं डिझेलची चिंधी बोल्टला गुंडाळली आणि म्हणाली, "भिजू दे रात्रभर. त्यालाही वेळ पाहिजे."


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लिहायचं की नाही ठरत नव्हतं. लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगणार?

आज बाजार चुकवला. मला आठवतंय तसं पहिल्यांदाच. अम्मीला ताप असतानाही ती कधी शुक्रवारचा बाजार चुकवत नाही.

सकाळी बोल्ट. भाऊंनी पान्यावर हापशाचा जुना पाईप चढवायला सांगितला, म्हणजे दांडा लांब होतो आणि जोर वाढतो. मी असते तर पाईपवर उडीच मारली असती. अम्मीनं नाही मारली. दोन्ही हात ठेवले, हळूहळू भार टाकला आणि तशीच थांबली. डोळे मिटून. मी हे तिचं शेकडो वेळा बघितलंय — बाईचा हात जाड असतो, बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडते, आणि अम्मी ओढत नाही. दाबून थांबते. तळहात सैल पडायची वाट बघते. बाई आपली बोलत असते आणि बांगडी कधी गेली ते तिला कळत पण नाही.

कुर्रर्र — बोल्ट हलला!

"आगं बाबौ," भाऊ म्हणाले. "मी असतो तर मोडला असता त्यो."

जुना शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर आला. आणि मग माझं.

स्प्रिंग तशी काढता येत नाही. ती दाबलेली असते. मधला नट नुसता सोडला तर उसळून माणसाच्या डोक्यात बसेल. म्हणून आधी दोन बाजूंनी आकडे लावायचे, लांब बोल्टाचे, आणि ते आवळत आवळत स्प्रिंग लहान करायची. भाऊंनी चारदा सांगितलं होतं, "दोन फेरे हिकडं, दोन फेरे तिकडं. बरूबर. एका बाजूला जास्त दाबली की आकडा सटकंल." अम्मी एका बाजूला, मी दुसऱ्या. "दोन झाले?" "झाले." "आता तू." असं छान चाललं होतं.

माझा फोन वाजला. कॉलेजच्या ग्रुपवर काहीतरी. मी एका हातानं पाना फिरवत होते आणि बघत होते फोन. किती फेरे दिले? चार? पाच? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

टण्ण! माझ्या बाजूचा आकडा सुटला तो सरळ अम्मीच्या कानाजवळून गेला. मागच्या पाण्याच्या टिपाडावर आदळला. पत्र्याला अंगठ्याएवढी खोक पडली. अम्मीचं डोकं त्या रेषेपासून किती लांब होतं? वीतभर. वीतभर पण नाही.

भाऊ उभे होते, खुर्ची आडवी पडलेली. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" — सगळं होऊन गेल्यावर ओरडत होते. मग म्हणाले, "बास. बंद करा. माझी चूक हाय. असलं काम मी सांगाया नको हुतं."

अम्मी उठली. टिपाडाजवळ जाऊन आकडा उचलला, पुसला, उलटसुलट करून बघितला. "आकड्याला काही झालेलं नाही," म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात फोन अजून चालूच होता. तिला कळलं. मला कळलं की तिला कळलं.

"चहा टाक," म्हणाली.

चहा पिऊन झाल्यावर तिनं एकटीनं दोन्ही बाजू आवळल्या. दोन फेरे इकडं, उठून दोन फेरे तिकडं. मोठ्यानं मोजत. नट सोडला. स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवली. जुन्या शॉकअपचा दांडा तिनं हातानं दाबला तर तो आत गेला तो गेलाच. नव्याचा दाबला तर सावकाश, आपला आपण बाहेर आला. तिनं तीन वेळा करून बघितलं. लहान मुलीसारखं.

दिवस मावळायच्या आत डावी बाजू गाडीला बसली. लाल रेघेला लाल रेघ जुळवून.

मी आत जाऊन रडले.


शनिवार, १५ नोव्हेंबर

एक शब्द बोलली नाही त्याबद्दल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आणि आज नवंच! उजवी बाजू उघडली, जुना शॉकअप सोडवला, नवा शेजारी ठेवला, आणि अम्मी बघत राहिली. "भाऊ, ही पाईप अडकवायची पट्टी उलट्या बाजूला का?" भाऊंनी वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. दुकानदारानं दोन्ही डावेच दिले! डावा-उजवा वेगळा असतो हे मला कुठं माहीत होतं?

व्हॅन ओंडक्यांवर. अम्मीनं शॉकअप गोधडीच्या खोळीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीनं नगरला गेली. दुपारी उजवा घेऊन परत. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "बाई, लेकरू का?" ती म्हणाली, "नाही, शॉकअप." अख्खी गाडी हसली. सांगताना ती पण हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.


रविवार, १६ नोव्हेंबर

अब्बू आले. ते नागापूरला कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर आहेत, आठवडाभर तिथंच खोली करून राहतात. दर रविवारी घरी. गेटातून आत आले आणि बघतात तर व्हॅनचा एक पाय हवेत.

"हे काय?"

"शॉकअप बदलतेय."

"कोण बदलतंय?"

"मी."

मग झालं सुरू. गाडी अंगावर पडली असती तर? स्प्रिंग लागली असती तर? (अम्मीनं टिपाडाचं सांगितलं नाही. मी पण नाही.) "मला विचारायचं तरी, फरीदा!"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असता."

"नकोच म्हणालो असतो!"

"म्हणून."

अब्बूंनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि डाव्या चाकामागं जाऊन बसले, चूक शोधायला. एकेक नट हातानं बघितला. पाना लावून बघितला. ब्रेकचा पाईप ओढून बघितला. अर्धा तास! अम्मी कांदा चिरत होती, पण तिचं लक्ष सगळं तिकडं होतं, मला दिसत होतं.

"हे लाल काय लावलंय?"

तिनं सांगितलं. चाक जसं होतं तसंच परत बसावं म्हणून. जरा जरी कोन बदलला तर गाडी एका बाजूला ओढते. अब्बूंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. नंतर हात धुताना मला हळूच म्हणाले, "तेवीस वर्षं मशीनवर आहे मी. मला हे सुचलं नसतं."

"तिला सांगा की."

"सांगतो," म्हणाले. सांगितलं नाही. पण जेवताना तिच्या ताटात स्वतःच्या हातानं मटणाची नळी वाढली. आमच्या घरात नळी अब्बूंची असते.

जेवण झाल्यावर म्हणाले, "उजवी बाजू मी करून देतो, आज आहे तर."

अम्मी म्हणाली, "नको. उद्या अफ्रीन करणार आहे."

मी!


सोमवार, १७ नोव्हेंबर

अब्बू पहाटेच्या गाडीनं गेले. जाताना मला म्हणाले, "फोन घरात ठेव." म्हणजे तिनं सांगितलं का? की टिपाड बघून त्यांनी स्वतःच ओळखलं? विचारायची हिंमत झाली नाही. फोन घरात ठेवला.

गोरक्षनाथभाऊ आले. आता ते अवघडत नाहीत. काय करायचं ते सांगतातच, वर का करायचं तेही सांगतात. "गाडी म्हंजे काय गं अफ्रीन, रस्त्याचा मार कुनी तरी खायाचा. शॉकअपनं न्हाई खाल्ला तर बॉडी खाती. बॉडीनं न्हाई खाल्ला तर मानूस." वर्गातल्या सरांपेक्षा चांगलं सांगतात. अम्मीला म्हणाले, "इतकी वर्सं काम केलं पन कुनाला शिकवायचं कदी जमलं न्हाई बगा. शिकनाऱ्याला धीर नसतो. तुमास्नी हाय."

उजव्या बाजूचे बोल्ट शनिवारीच सुटले होते. आता थेट आकडे.

अम्मी म्हणाली, "दोन्ही बाजू तूच आवळायच्या. मी धरते."

स्प्रिंग धरायची म्हणजे समोर बसायचं. त्याच जागी. टिपाड तिच्या मागं, खोक दिसतेय. मी म्हटलं, "अम्मी, थोडी मागं सरक ना."

"का?"

काय सांगणार? ती मागं सरकली नाही. दोन्ही हातांनी नळी धरून बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पान्याकडं पण नाही.

एक, दोन. उठले. एक, दोन. उठले. मोठ्यानं मोजत होते. मध्येच वाटलं ह्या बाजूचा एक फेरा जास्त झाला. थांबले. बोटानं दोन्हीकडच्या कड्यांमधली फट मोजली. सारखी होती. परत एक, दोन. घाम डोळ्यात जात होता. स्प्रिंग बारीक बारीक होत गेली आणि भाऊ म्हणाले, "बास. आता मधला नट." सोडला. काही उसळलं नाही! स्प्रिंग आकड्यांत मुकाट बसून राहिली.

अम्मीनं नळी खाली ठेवली. तिच्या तळहातांवर वळ उठले होते. इतकं घट्ट धरलं होतं तिनं! म्हणजे भीती तिलाही होती. आणि तरी मागं सरकली नाही.

हे मी कधी विसरणार नाही.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

दोन्ही चाकं जमिनीवर! गावाबाहेर फेरी मारली. खड्डा आला, व्हॅन वर गेली, खाली आली, थांबली. अम्मी स्टिअरिंगवरच हसायला लागली. भाऊ शेजारी, मी मागं.

पण टक... टक... वळताना आवाज. भाऊंनी डोळे मिटले, कान लावला. "डावीकडचा वरचा नट. गाडी हवेत असताना आवळलेला, वजन आल्यावर ढिला झाला. माझ्या ध्यानातनं गेलं." घरी येऊन अम्मीनं तो परत आवळला. परत फेरी. आवाज गेला.

भाऊ उतरताना म्हणाले, "भाभी, पंचवीस वर्सांत माझ्या हातनं असा बसलेला न्हाई." मला वाटलं गंमत करताहेत. तोंड बघितलं तर नाही.


बुधवार, १९ नोव्हेंबर

नगरला चाकांचं अलाइनमेंट करून आलो. आठवड्याआधी पुरुष माणूस पाठवा म्हणणारा तोच गॅरेजवाला! अम्मीनं मुद्दाम तिथंच नेली. मला वाटलं तो विचारेल, कुणी बसवले? आणि अम्मी सांगेल, मी. रस्ताभर मी मनात ते बघत होते.

त्यानं मशीन लावलं. "फार काही नाही, थोडंसंच आहे," म्हणाला. पाच मिनिटांत केलं आणि पुढची गाडी घेतली. विचारलंच नाही!

अम्मी दोन मिनिटं उगीच उभी राहिली. मग बसली गाडीत. जरा हिरमुसलीच. तिलाही कधी तरी वाटतंच की कुणी विचारावं.

दिपालीच्या बांगड्या नव्यानं घेतल्या. पेटीत ठेवताना अम्मीनं ह्या वेळी मध्ये कागद पण कमीच घातला. एवढा भरवसा!


शनिवार, २२ नोव्हेंबर

आत्ताच आलो हिवरे बाजारहून. दमले आहे, पण आजच लिहायचंय.

पेटी उघडली. अंगणातल्या सगळ्या बायका वाकून बघत होत्या, आणि सगळ्यांत पुढं मीच. एक फुटली होती. एकच! आणि ती मी ठेवताना दाबली होती, रस्त्यात नाही, मला माहीत आहे.

अम्मीनं बसकर टाकलं, दिपालीला समोर घेतलं. तिचा हात हातात घेतला आणि तिथंच थांबली. मी बघितलं. अम्मीचे हात! मीठ-लिंबानं घासले होते, रॉकेलनं घासले होते, तरी नखांच्या कडांना आणि बोटांच्या रेषांत काळं बसलेलं. दिपालीच्या हळदीच्या हातावर ते फारच दिसत होतं. कडेला बसलेली एक म्हातारी म्हणालीच, "हात धुतले न्हाईत का गं बाई? नवरीला हात लावायचाय."

अम्मीनं हात मागं घेतले. तिचे कान लाल झाले. एवढ्या दिवसांत टिपाडाच्या वेळी नाही, गॅरेजवाल्याच्या वेळी नाही, आज पहिल्यांदा तिला कसंतरी झालेलं मी बघितलं.

मी बोलणार होते. झुंबरबाईच बोलल्या. "धुतलेत. आमच्या चुड्यासाठी गाडी दुरुस्त केली तिनं स्वतःच्या हातानं. पहिल्या बांगड्या फुटल्या म्हणून." (मी फोनवर सांगितलं होतं. अम्मीनं सांगू नको म्हटलं होतं.)

म्हातारी म्हणाली, "कशी? मंजे काय केलं?"

आणि मग अम्मीला सांगावं लागलं! आधी अडखळत, मग नीट. स्प्रिंग कशी दाबतात, शॉकअप काय करतो. हातातल्या बांगड्यांचीच चळत करून दाखवली. अंगणातल्या साऱ्या बायका ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "आमच्या पिकअपचा पण असाच आवाज येतो वळताना, टक टक, ते काय असेल?" अम्मीनं विचारलं, "वळताना का खड्ड्यात?" अगदी भाऊंसारखं!

दिपाली हे सगळं ऐकून घेत होती. मग तिनं आपला हात स्वतःच पुढं केला, अम्मीच्या हातात दिला आणि म्हणाली, "मावशी, भरा. काळं लागलं तर लागू द्या."

अम्मीनं भरल्या. ओढलं नाही, एकही अडली नाही. हिरव्यागार, कोपरापर्यंत किणकिण. त्या म्हातारीनं सगळ्यात शेवटी हात पुढं केला.

येताना व्हॅनमध्ये अम्मी गुणगुणत होती. खड्डा आला की मुद्दाम माझ्याकडं बघायची.


रविवार, २३ नोव्हेंबर

अब्बू आले. कंपनीत साऱ्या शिफ्टला सांगितलंय म्हणे. कँटीनवाल्याला पण! अम्मी म्हणाली, "मला कधी सांगणार?" अब्बू म्हणाले, "तुला माहीत आहेच की."


गुरुवार, ४ डिसेंबर

काल गोरक्षनाथभाऊंचं प्लास्टर निघालं. आज आले ते लिंबाखाली बसले नाहीत, दारातच उभे राहिले. हात पुढं करून दाखवला. मूठ वळत नाही. शीर दबलीय, डॉक्टर म्हणाले, पाना धरायचं आता विसरा. मग म्हणाले, "भाभी, गॅरेज इकायचं का, न्हाईतर... तुमी याल का? मी खुर्चीत बसतो. हात तुमचं."

अम्मीनं त्यांचा हात बघितला. मग आत आली, खिळ्यावरची व्हॅनची किल्ली काढली, बांगड्यांच्या पेटीवर ठेवली आणि पेटी माझ्याकडं सरकवली. बाहेर जाऊन तिनं एकच विचारलं —

"सकाळी किती वाजता उघडता?"